बापाचे घोडे, मुलाची लस

एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये ‘खारवलेला’ घोडा साध्या घोड्याच्या कितीतरी पट किमतीला जाई. असा घोडा दिसायला रुबाबदार असेलच असे नाही. कधी तो हाडकुळा असे, कधी उतारवयाचा. पण घोड्यांच्या साथीत सापडून तो एकदा मरता मरता वाचलेला असे, आणि गिऱ्हाइकाला तेवढे पुरे होते. त्या मुलुखात साथ दर उन्हाळ्याच्या अखेरीस येई आणि न खारवलेला घोडा विकत घेणे म्हणजे जवळपास जुगार असे.

या साथीला आज पशुवैद्यक ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’ म्हणतात. सकाळी चारा खाणारा घोडा संध्याकाळी धापा टाकू लागे, नाकपुड्यांतून पांढरा फेस वाहू लागे आणि आपल्याच फुफ्फुसांत साचलेल्या पाण्यात गुदमरून तो मरे. १८५४-५५ मध्ये केप वसाहतीत या रोगाने सुमारे ७०,००० घोडे मारले. तिथल्या एकूण घोड्यांपैकी शेकडा चाळीस. रोग दवातून येतो अशी शेतकऱ्यांची समजूत होती. म्हणून दिवस मावळायच्या आत घोडे तबेल्यात घ्यायचे, सकाळी गवतावरचे दव सुकल्याशिवाय बाहेर सोडायचे नाहीत, जमले तर त्यांना उंच माळावर हलवायचे, असा रिवाज होता. समजूत चुकीची, पण उपाय बरोबर होता. रोगाचा विषाणू पसरवणारी बारीक चिलटे संध्याकाळी आणि रात्रीच चावतात, हे १९४०च्या दशकात सिद्ध झाले.

या प्रदेशात १८९१ साली अर्नोल्ड थायलर नावाचा चोवीस वर्षांचा स्विस पशुवैद्य येऊन उतरला. सुरुवातीला पोटासाठी त्याने प्रिटोरियाजवळच्या एका मोठ्या शेतावर नोकरी धरली आणि तिथे चारा कापायच्या यंत्रात त्याचा डावा हात गेला. दुसरा कोणी असता तर परतीचे जहाज पकडले असते. थायलर राहिला. १८९३ मध्ये जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत देवीची साथ आली तेव्हा त्याने वासरांवर लस तयार करून दिली आणि त्याचे नाव झाले. १८९६ मध्ये उत्तरेकडून बुळकांडी उतरली आणि दक्षिण आफ्रिकेतली गुरे कळपच्या कळप मेली. त्या वेळी रॉबर्ट कॉख किंबर्लीला येऊन बुळकांडीवर प्रयोग करत होता. ते काम अर्धवट टाकून तो १८९७ मध्ये प्लेगच्या चौकशीसाठी मुंबईला गेला. थायलर ट्रान्सवालमध्ये त्याच रोगाशी आपल्या पद्धतीने झुंजत होता. आजारातून उठलेल्या जनावराच्या रक्तजलात, म्हणजे सीरममध्ये, दुसऱ्या जनावराला वाचवण्याचा गुण असतो, हे त्याने तिथे प्रत्यक्ष पाहिले. पुढची वीस वर्षे या एका कल्पनेवर त्याची भिस्त राहिली.

बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा तो बोअरांच्या बाजूने घोड्यांचा डॉक्टर होता. त्या युद्धात नुसत्या ब्रिटिशांचेच तीन लाखांहून अधिक घोडे कामी आले. त्यांतले थोडेच गोळीने मेले. बाकीचे उपासमार, दमछाक आणि रोग यांनी. युद्ध जिंकलेल्या इंग्रजांनी शत्रूकडच्या या एकहाती संशोधकाला बाजूला न सारता कामावर ठेवले, हा त्यांचा व्यवहारीपणा. १९०८ मध्ये प्रिटोरियाच्या उत्तरेला ऑन्डरस्टपोर्ट येथे थायलरच्या हाताखाली मोठी पशुवैद्यक प्रयोगशाळा उभी राहिली. आफ्रिका खंडातल्या जनावरांच्या रोगांवरची ती सर्वांत नामांकित संस्था ठरली.

हॉर्स सिकनेसवर तिथे जी युक्ती निघाली ती आज ऐकताना अंगावर काटा येतो. साथीतून वाचलेल्या घोड्याला रोगी घोड्याचे रक्त पुन्हा पुन्हा, वाढत्या प्रमाणात टोचायचे. त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये भरपूर साचली की रक्त काढून त्याचे रक्तजल वेगळे करायचे. मग ज्या घोड्याला खारवायचे आहे, त्याला एकाच वेळी दोन गोष्टी द्यायच्या: जिवंत विषाणू असलेले रक्त आणि त्याला आवर घालणारे रक्तजल. रक्तजल कमी पडले तर घोडा रोगाने मरायचा, जास्त झाले तर प्रतिकारशक्ती तयारच व्हायची नाही. आधी खेचरांवर आणि मग घोड्यांवर हा तोल सांभाळत थायलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो टोचण्या केल्या. जुन्या मृत्यूदराशी ताडून पाहिले तर हे यशच होते.

मग टोचलेले काही घोडे भलत्याच आजाराने मरू लागले.

टोचणीचा ताप येऊन गेलेला, पुन्हा कामाला लागलेला, खाऊन पिऊन धडधाकट असलेला घोडा दोन-तीन महिन्यांनी अचानक चारा सोडायचा. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या पडायच्या, लघवी काळपट व्हायची. त्यानंतर डोके बिघडायचे. घोडा भिंतीला कपाळ टेकवून तासन् तास ढकलत राही, नाही तर एकाच दिशेने गोल गोल फिरत राही. समोरचे दिसत नसल्यासारखा कुंपणावर, झाडावर आपटे. मोतद्दाराला आवरता येऊ नये असा मध्येच पिसाळे, आणि मग खाली बसे. दोन-तीन दिवसांत सगळे संपे. पोट फाडून पाहिले की यकृत आक्रसलेले आणि हातात घेतल्यावर ओल्या फडक्यासारखे लोंबणारे सापडे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी गटागटाने मेलेल्या दिसत.

थायलरने हे सगळे बारकाईने टिपले. यकृत तीव्रपणे झडण्याच्या या रोगावरचा त्याचा दीर्घ अहवाल १९१८ चा. रोगाला आज त्याचेच नाव आहे: थायलर्स डिसीज. स्वतःच्या टोचणीमागून आलेले मृत्यू सरकारी अहवालात तपशीलवार छापणे याला एक प्रकारचे धाडस लागते आणि ते त्याच्याकडे होते. पण कारण त्याच्या हाती लागले नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कुरणांत सेनेसिओ जातीची विषारी झुडपे उगवतात. ती खाऊनही घोड्यांचे यकृत निकामी होते आणि तिथल्या पशुवैद्यांना तो प्रकार चांगला ठाऊक होता. शिवाय टोचणी न झालेले, पण आजारी घोड्यांच्या सोबत राहिलेले काही घोडेही याच लक्षणांनी गेले होते. रक्तजलच दोषी म्हणावे तर या घोड्यांचे काय, हा प्रश्न शंभर वर्षे लोंबकळत राहणार होता.

माणसांत असे काही घडल्याची नोंद तोवर झालेली होती. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात १८८३ मध्ये एका जहाजबांधणी कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली होती. ही लस दुसऱ्या माणसांच्या फोडांतून घेतलेल्या लसिकेची होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. नंतर रुजू झालेले, ती लस न घेतलेले कामगार मात्र ठणठणीत. ल्यूरमान नावाच्या डॉक्टरने १८८५ मध्ये हे छापले आणि बोट लसीकडेच दाखवले. कोणी फारसे लक्ष दिले नाही.

लक्ष गेले ते वेगळ्या अपघातांकडे. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घटसर्पावरचे प्रतिविष टोचलेली १३ मुले धनुर्वाताने दगावली. ते प्रतिविष जिम नावाच्या एका घोड्याच्या रक्तातून काढले होते. दूधगाडी ओढून निवृत्त झालेल्या या जिमला स्वतःलाच धनुर्वात झाला होता आणि तो ठार केल्यानंतरही त्याचे रक्तजल वाटले गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने लसी आणि रक्तजलांवर देखरेखीचा कायदा केला. त्याच १९०२ सालच्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिन या संशोधकाची प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली होती. ठपका हाफकिनवर आला. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि जंतू तिथून शिरले असावेत, हे पुढे आले आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. तोवर त्याची उमेदीची वर्षे वाया गेली होती.

या अपघातांनी जगाला एक धडा शिकवला: लस गाळा, कार्बोलिक घाला, जंतू वाढतात का ते पेट्रीच्या बशीत पाहा. धडा चांगला होता, पण अपुरा. धनुर्वाताचा जंतू आठवड्याभरात माणूस मारतो, त्यामुळे बाटली आणि मृत्यू यांचा संबंध गावातल्या कोणालाही जोडता येतो. यकृताचा विषाणू गाळणीतून सहज पार होतो, बशीत वाढत नाही, आणि दोन-तीन महिने गप्प बसतो. तोपर्यंत बाटली फेकून दिलेली असते, टोचणारा डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि घोड्याचा मालक टोचणी झाली होती हेच विसरलेला असतो.

१९३०च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम भागात घोड्यांना मेंदूज्वराची मोठी साथ आली. कॅलिफोर्नियात १९३० मध्ये सुरू झालेली ही साथ राज्यामागून राज्ये घेत गेली. एकट्या १९३८ मध्ये पावणेदोन लाखांवर घोडे-खेचरांना लागण झाली. ट्रॅक्टर अजून सगळीकडे पोचले नव्हते. घोडा गेला की पेरणी गेली. पशुवैद्यांनी भराभर लस आणि घोड्याचेच रक्तजल टोचले, आणि एक-दोन महिन्यांनी काही तबेल्यांत ऑन्डरस्टपोर्टचेच चित्र पुन्हा दिसले: पिवळे डोळे, भिंतीला टेकवलेले कपाळ, आक्रसलेले यकृत. मेंदूज्वरानंतरचा हा ‘दुय्यम रोग’ असावा, असे काहींनी लिहिले. घोड्याच्या वागण्यातला बिघाड मेंदूज्वराशी इतका जुळे की गफलत होणे स्वाभाविक होते.

याच काळात थायलर घराण्याची पुढची पिढी गोष्टीत शिरते.

अर्नोल्डचा धाकटा मुलगा मॅक्स १८९९ मध्ये प्रिटोरियात जन्मला, लंडनमध्ये डॉक्टरी शिकला आणि १९२२ मध्ये अमेरिकेत गेला. त्याने पीतज्वर हा विषय घेतला. तोवर पीतज्वराचे प्रयोग महागड्या माकडांवरच करावे लागत. विषाणू पांढऱ्या उंदराच्या मेंदूतही वाढवता येतो, हे मॅक्सने १९३० मध्ये दाखवले आणि सगळा खर्च, सगळा वेग बदलून गेला. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेत त्याने आणि ह्यू स्मिथने १९३७ मध्ये १७डी ही दुबळी केलेली जात सादर केली. आजही आफ्रिकेला निघालेला मुंबईकर पिवळे कार्ड मिळवण्यासाठी जी सुई टोचून घेतो, तिच्यात हीच १७डी असते.

मधल्या काळात त्या उंदरांनी बापाच्या घोड्यांवरही उपकार केले. ऑन्डरस्टपोर्टमध्ये अलेक्झांडर या संशोधकाने हॉर्स सिकनेसचा विषाणू उंदरांच्या मेंदूतून पुन्हा पुन्हा नेऊन दुबळा केला आणि १९३०च्या दशकात त्याची लस निघाली. आता घोड्याच्या रक्तजलाची गरजच उरली नाही. रोगी रक्त आणि रक्तजल यांचा तो जीवघेणा तोल इतिहासजमा झाला, आणि त्याबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या टोचणीनंतरच्या काविळीलाही उतार पडला. अर्नोल्ड १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला.

मुलाच्या लसीने मात्र नेमकी बापाच्या घोड्यांची वाट धरली. पीतज्वराचा विषाणू नाजूक, पटकन मरणारा. तो टिकावा म्हणून लसीत माणसाचे रक्तजल मिसळत. लंडनमध्ये फिंडले आणि मॅकॅलम हे दोघे पीतज्वराच्या टोचण्या करत होते. टोचलेल्यांपैकी काहींना दोन-तीन महिन्यांनी, कधी आणखी उशिरा कावीळ होते, हे त्यांनी १९३७ मध्ये लिहिले. त्याचा विचार करताना त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या टोचलेल्या घोड्यांचे जुने निरीक्षण पुढे आणले. रक्तजलाबरोबर दुसरेच काही तरी टोचले जात असावे, हा तर्क माणसांच्या डॉक्टरांना घोड्यांच्या डॉक्टरांकडून मिळाला. ब्राझीलमध्येही १७डीनंतर काविळीच्या लाटा उठल्या, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेने १९४० मध्ये रक्तजल वगळून लस बनवायला सुरुवात केली.

न्यूयॉर्कने तसे केले नाही. या सबंध हकिकतीत सर्वांत खटकणारी जागा ही. घोड्यांचा अहवाल छापलेला होता, लंडनचा लेख छापलेला होता, ब्राझीलची बातमी तर रॉकफेलरच्याच माणसांकडून आलेली होती. पण १९४१ मध्ये युद्धाचे ढग दाटले होते आणि अमेरिकी लष्कराला लाखो मात्रा झटपट हव्या होत्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले विद्यार्थी, परिचारिका, शिकाऊ डॉक्टर यांनी रक्त दिले. त्यांतल्या काहींना पूर्वी कावीळ होऊन गेलेली होती. रक्तजल ५६ अंशांवर तापवले म्हणजे पुरे, असे मानले गेले. १९४२ च्या वसंतात छावण्यांतले जवान पिवळे पडू लागले. जूनमध्ये लाट शिखरावर पोचली. सुमारे ५०,००० सैनिक आजारी पडले, साठेक मेले. एप्रिलमध्येच रक्तजल बंद करून पाण्यात बनवलेली लस सुरू केली होती, पण टोचलेले टोचून झाले होते. त्या जवानांच्या रक्तात ब प्रकारच्या काविळीच्या खुणा १९८०च्या दशकात तपासल्या, तेव्हा सुमारे ३,३०,००० जणांना लागण झाली असावी असा अंदाज निघाला. बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

१७डी विषाणू यात निर्दोष होता, दोष त्याच्याबरोबरच्या रक्तजलाचा. मॅक्स थायलरला १९५१ चे नोबेल मिळाले, तेही योग्यच. पण बापाच्या नावाचा रोग आणि मुलाच्या नावाची लस यांच्यात असा धागा असावा, ही गोष्ट कोणा कादंबरीकाराने रचली असती तर ओढूनताणून वाटली असती.

या आपत्तीनंतर माणसांच्या बाजूने चक्रे फिरली. ब्लूमबर्ग या संशोधकाला १९६०च्या दशकात ब काविळीची खूण सापडली, रक्तपेढ्या दात्यांची तपासणी करू लागल्या, १९८९ मध्ये क काविळीचा विषाणूही ओळखला गेला. घोड्यांच्या बाजूला मात्र सारे जिथल्या तिथे राहिले. ज्या रोगाने धोक्याची पहिली खूण दाखवली होती, त्याचे कारण शोधण्याला पैसा नव्हता. माणसाच्या काविळीचे विषाणू घोड्यांत शोधून झाले, हाती काही आले नाही. पशुवैद्यांनी रोगाला ‘सीरम हेपॅटायटिस’ म्हणायला सुरुवात केली, आणि धनुर्वाताचे प्रतिविष टोचणे तसेच चालू ठेवले.

ते बंद करणे सोपे नव्हते. धनुर्वाताच्या विषाला घोड्याइतका हळवा प्राणी क्वचितच असेल. खुरात घुसलेला एक खिळा पुरतो. म्हणून जखम झाली की, शस्त्रक्रिया केली की, आणि घोडी व्याली की लगेच प्रतिविष द्यायचे, ही पागांतली जुनी पद्धत. त्यातही व्यालेल्या, अंगावर शिंगरू पिणाऱ्या घोड्या या रोगाला अधिक बळी पडत. वसंतात शिंगरू जन्मले, आईला सुई दिली, आणि उन्हाळ्यात आई पिवळी पडली, असे अमेरिकेतल्या पागांमध्ये वारंवार घडे. एकाच रक्तजलाच्या खेपेतून टोचलेल्या घोड्यांपैकी शेकडा एक-दोन, क्वचित अठरापर्यंत आजारी पडत. लक्षणे दिसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत.

प्रतिविष बनते कसे हे पाहिले तर धोका कुठे आहे ते चटकन कळते. घोड्याला धनुर्वाताचे निष्प्रभ केलेले विष थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिविष पुरेसे वाढले की मानेच्या शिरेतून काही लिटर रक्त घेतात, रक्तजल वेगळे काढतात आणि अनेक घोड्यांचे एकत्र करून शुद्ध करतात. वीस घोड्यांपैकी एकाच्या रक्तात विषाणू असला तरी सगळी खेप बाधित होते. दाता घोडा दिसायला तंदुरुस्त असतो, त्यामुळे शंकेला जागाच नसते. सगळे जग याच पद्धतीने चाले, महाराष्ट्रातही. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव सर्पदंशावरच्या लसीशी जोडलेले आहे आणि तीही घोड्यांच्याच रक्तातून येते. पुण्याच्या पूनावाला यांच्या पागेतले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला रक्तजलासाठी जात. ते आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे पहिले उत्पादन धनुर्वाताचे प्रतिविष होते. हे प्रतिविष माणसांसाठी असते, आणि घोड्यांच्या यकृताचे हे विषाणू माणसाला बाधल्याचे आढळलेले नाही. घोड्याचे रक्तजल घोड्याला टोचले जाते तेव्हाच हा प्रश्न उभा राहतो.

कोड्याला हात घालणाऱ्यांत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचा बड टेनंट हा जुना पशुवैद्य होता. वुडचक नावाच्या खारीच्या जातीतल्या प्राण्याला ब काविळीसारखाच रोग होतो. त्यावर टेनंटने आयुष्याची बरीच वर्षे घालवली आणि माणसाच्या काविळीवरच्या औषधांच्या चाचण्या त्याच्या प्राण्यांवर झाल्या. घोड्यांच्या कोड्याचा मात्र त्याने पिच्छा सोडला नव्हता. एकविसाव्या शतकात साधने बदलली. रक्ताच्या थेंबात जेवढी म्हणून जनुके तरंगत असतील तेवढी सगळी एका दमात वाचून काढणारी यंत्रे आली. आता काय शोधायचे हे आधी ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

२०१२ मध्ये घोड्यांत क काविळीच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातेवाईक सापडला. २०१३ मध्ये एका पागेतल्या उद्रेकावरून नवी बातमी आली. तिथल्या घोड्यांना बोट्युलिझमचे प्रतिविष टोचले होते आणि काही आठवड्यांनी त्यांची यकृते बिघडली होती. त्यांच्या रक्तात अनोळखी विषाणू मिळाला आणि उत्साहाने त्याचे नाव ‘थायलर्स डिसीज असोसिएटेड व्हायरस’ ठेवले गेले. चोर सापडला असे सगळ्यांना वाटले. पण इतर पागांतल्या रुग्णांमध्ये तो सातत्याने सापडेना.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेब्रास्कात एक घोडा मेला. ६५ दिवसांपूर्वी त्याला धनुर्वाताचे प्रतिविष दिले होते. कॉर्नेलचे थॉमस डिव्हर्स, बड टेनंट आणि ओहायोतल्या बालरुग्णालयातले विषाणुतज्ज्ञ अमित कपूर यांच्या गटाने त्याचे रक्त आणि यकृत तपासले. दोन्हींत एक नवा पार्व्होविषाणू होता. नशीब असे की टोचलेले प्रतिविषही तपासायला मिळाले, आणि त्यातही तोच निघाला. मग या बाधित प्रतिविषाने दोन निरोगी घोडे टोचले. दोघांच्या रक्तात विषाणू वाढला, दोघांना यकृतदाह झाला. शंभर धडधाकट घोड्यांचे रक्त तपासले तर १३ जणांच्या रक्तात विषाणू सुखेनैव नांदत होता. हे काम २०१८ मध्ये छापून आले, थायलरच्या अहवालानंतर बरोबर शंभर वर्षांनी. टेनंट त्याआधीच, २०१६ मध्ये वारला होता. लेखकांच्या यादीत त्याचे नाव आहे.

पार्व्हो कुळातले विषाणू चिवट म्हणून बदनाम आहेत. त्यांना स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे उष्णता आणि रसायने यांना ते दाद देत नाहीत. शंभर वर्षे कार्बोलिक आणि गाळण्या का हरल्या याचे उत्तर यात आहे.

पुढच्या वर्षी कॉर्नेलच्याच जॉय टॉमलिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ ते २०१८ मधले ओळीने आलेले १८ रुग्ण तपासले. अठराच्या अठरा घोड्यांत हा पार्व्होविषाणू होता. २०१३ चा ‘नामांकित’ विषाणू मोजक्यांतच. काहींना प्रतिविष दिले होते, काहींना रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, काहींना तर मूलपेशींचे अत्याधुनिक उपचार. औषध नवे असो की जुने, त्यात दुसऱ्या घोड्याच्या शरीराचा अंश होता. त्याच गटाने कसलेही रक्तोत्पादन न टोचलेले दहा रुग्णही पाहिले आणि दहापैकी नऊंमध्ये विषाणू मिळाला. म्हणजे तो सुईविनाही एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातो. ऑन्डरस्टपोर्टमध्ये टोचणी न होता, नुसत्या सोबतीने मेलेल्या घोड्यांचा हिशेब असा लागला.

जर्मनीत, चीनमध्ये शोध घेतला तेव्हा तिथल्या घोड्यांतही हा विषाणू आढळला. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, मोजक्यांचे यकृत मात्र आठवड्याभरात झडते. असे का, यावर काम चालू आहे. अमेरिकेत घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या उत्पादनांसाठी दात्यांच्या रक्तात हा विषाणू शोधणे सुरू झाले आहे. पागांमध्ये बदल आला तो याहून साधा. जखम झाल्यावर प्रतिविषाची बाटली शोधण्याऐवजी घोड्याला आधीपासूनच धनुर्वाताची लस देऊन ठेवायची. या लसीत घोड्याचे रक्तजल नसते. गाभण घोडीला ती विण्याच्या चार-सहा आठवडे आधी टोचली की चिकातून शिंगरालाही संरक्षण मिळते. जखमी घोड्यासाठी बोलावलेला पशुवैद्य आता पिशवी उघडण्याआधी लसीकरणाचा कागद मागतो, आणि कागद चोख असेल तर प्रतिविष पिशवीतच राहते.